उंटाचं दूध की गाईचं? आधी प्रोटीन समजून घ्या, मग पैसे घाला



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुधातल्या प्रोटीनबद्दल बोललो. वेळ कमी पडला म्हणून सविस्तर इथे लिहितोय. चहा घेऊन निवांत वाचा. कॅल्क्युलेशन आहे, त्यामुळे कागद-पेनही जवळ ठेवा.

सुरुवात एका प्रश्नाने करतो. कणकवलीच्या वर्कशॉपमध्ये शेवटच्या रांगेतून फोंडाघाटची एक ताई उभी राहिली आणि तिने मला सरळ विचारलं, "सर, तुमीच सांगितलास ना व्हिडिओत, दूध पचना नाय तेका ह्यां चलता म्हणान?"

"ह्यां" म्हणजे उंटाच्या दुधाची पावडर. माझा एक जुना व्हिडिओ बघून या ताईने बचतीतले ३०,००० रुपये घातले होते आणि २०० ग्रॅमचे ४० डबे मागवले होते. पहिला डबा शेजारच्या काकांनी घेतला. त्यांना दूध प्यायलं की पोट फुगायचं. ही पावडर पिऊनही पोट तसंच फुगलं. गाव लहान, बाजारपेठ एक. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट एसटी स्टँडपर्यंत पोचली. उरलेल्या ३९ डब्यांतले सहा नातेवाइकांनी भिडेखातर घेतले. बाकीचे कपाटात पडून.

चूक माझी होती. व्हिडिओत मी दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत केली होती. तो व्हिडिओ मी चॅनलवरून काढला आहे, पण काढल्याने ताईचे पैसे परत येत नाहीत. म्हणून आज नीट सांगतो. माझं मत आधीच मांडतो: दुधाचा कोणताही धंदा करताना त्यातलं प्रोटीन काय काम करतं हे समजल्याशिवाय एक रुपयासुद्धा घालू नका. फॅट तुम्हाला डेअरीतला दर सांगतं. पण त्या दुधापासून काय बनेल, काय बनणार नाही आणि कस्टमरला तुम्ही काय सांगू शकता, हे बहुतेक वेळा प्रोटीन ठरवतं.

प्रोटीन आपल्या स्वयंपाकघरातच आहे

पुस्तक बाजूला ठेवा. खरवस आठवा.

गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस होतो. गूळ, वेलची घालून वाफवला की वडीसारखा घट्ट. आठवड्याभराने त्याच गाईचं दूध वाफवलं तर काही घट्ट होत नाही. गाय तीच, गोठा तोच. फरक प्रोटीनचा. पहिल्या चिकात प्रोटीन साध्या दुधाच्या चौपट किंवा त्याहून जास्त असतं आणि त्यातलं बरंचसं उष्णतेने गोठणारं असतं. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ना, साधारण तसंच.

दुधातल्या प्रोटीनचे दोन मोठे गट आहेत. पहिला केसिन. दूध नासलं की जो चोथा जमतो तो मुख्यतः केसिनचा. गाईच्या दुधातल्या प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. दुसरा गट व्हे प्रोटीनचा. ही प्रोटीन्स दुधाच्या पाण्याच्या भागात विरघळलेली असतात, म्हणजे चोथा काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं त्यात. गाईच्या दुधात यातलं सगळ्यात मोठं प्रोटीन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. नाव लांब आहे, पण लक्षात ठेवा, आजची अर्धी गोष्ट याच्याभोवती फिरते.

आता दही. आई दूध चांगलं उकळते, कोमट करते आणि मग विरजण लावते. न उकळता लावलं तर दही पातळ होतं, हे तिला माहीत असतं. त्यामागचं कारण असं: दूध तापलं की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडतं आणि केसिनच्या कणांवर बाहेरच्या बाजूला असलेल्या कॅपा-केसिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं. मग आंबटपणा वाढला की हे सगळं एकमेकांत गुंतून घट्ट जाळी होते. कवडी दही म्हणतो ते हेच.

मग उंटाच्या दुधात वेगळं काय?

एकूण प्रोटीन बघाल तर फार फरक नाही. गाय असो की उंट, १०० मिलीलिटरला साधारण ३ ते साडेतीन ग्रॅम. "उंटाच्या दुधात भरपूर जास्त प्रोटीन" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा. फरक प्रकारात आहे.

१. उंटाच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतं. आईच्या दुधातही नसतं.

२. कॅपा-केसिन गाईच्या दुधातल्या केसिनमध्ये सुमारे १३ टक्के, उंटाच्या दुधात जेमतेम साडेतीन टक्के.

३. बीटा-केसिन गाईत सुमारे ३६ टक्के, उंटात सुमारे ६५ टक्के.

४. उंटाच्या केसिनचे कण आकाराने मोठे असतात.

वर दह्याचं गणित सांगितलं ते आता इथे लावा. चिकटणारं प्रोटीन नाही आणि ज्याला चिकटायचं तेही कमी. मग दही कसं होणार? पातळ, ओघळणारं. पनीरही नीट जमत नाही. फार जास्त तापमानाला हे दूध गाईच्या दुधाइतकं टिकाव धरत नाही, त्यामुळे महिनोन् महिने टिकणाऱ्या खोक्यातलं दूध बनवणंही अवघड जातं.

यावरून एक खरी गोष्ट सांगतो. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशात नॅन्सी आबेदरहमान या इंजिनिअर बाईंनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तिविस्की नावाची डेअरी काढली. भटक्या उंटपाळांकडून दूध विकत घ्यायचं, पाश्चराइज करायचं आणि शहरात विकायचं. ते चाललं. पुढे त्यांनी उंटाच्या दुधाचं चीज बनवलं. गाईच्या चीजला वापरतात त्या रेनेटने हे दूध नीट जमत नाही, म्हणून तंत्र वेगळं शोधावं लागलं. चीज बनलं, नाव झालं, पण युरोपात विकायला परवानग्यांचा अडथळा आला. कंपनी उभी राहिली ती साध्या ताज्या दुधावर. जवळचा माल आणि जवळचं गिऱ्हाईक.

उंटाच्या दुधाचा धंदा वाईट आहे का?

अजिबात नाही. ज्याचा आहे त्याचा तो उत्तम धंदा आहे.

आपल्या देशात कच्छकडे बघा. तिथले रबारी आणि फकिराणी जत समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या उंट पाळतात. सरहद डेअरीने त्यांच्याकडून दूध गोळा करायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१९ मध्ये अमूलने उंटाचं दूध बाटलीत आणलं. अर्ध्या लिटरला ५० रुपये. ज्या दुधाला पूर्वी बाजारच नव्हता त्याला भाव मिळाला. हे मोठं काम आहे, कारण देशातले उंट झपाट्याने कमी होताहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे अडीच लाख उंट उरले होते, २०१२ च्या तुलनेत ३७ टक्के कमी. दुधाला भाव मिळाला तर उंट राहील आणि उंटपाळही राहील.

उंटपाळ आपल्या महाराष्ट्रातही आहेत. कच्छकडचे रबारी कळप घेऊन विदर्भात फिरतात. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंट पोलिसांनी अडवले तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की हे लोक इकडेही असतात.

पण फोंडाघाट? घाटाच्या पायथ्याला धो-धो पाऊस, चिखल, चावऱ्या माश्या. अशा माश्यांमुळे उंटांना सर्रा नावाचा रोग होतो. उंटीण पोटात पिल्लू साधारण १३ महिने वागवते, साधारण दोन वर्षांतून एकदा विते. तिला कोकणात आणून गोठा चालवणं म्हणजे पैसे आणि जनावर दोन्हीचे हाल. म्हणजे तुमच्या हातात उरते फक्त दुसऱ्याने बनवलेली पावडर विकणं. यात माल तुमचा नाही, भाव तुमचा नाही. तुमच्याकडे राहतो फक्त डब्यावरचा दावा. आणि धोका तिथेच आहे.

तीन दावे, जे तुम्ही करू नयेत

पहिला: "दूध पचत नाही? हे चालेल." माझी गल्लत इथेच झाली होती. दूध न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांचा त्रास लॅक्टोजचा असतो. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे, प्रोटीन नव्हे. आणि लॅक्टोज उंटाच्या दुधातही जवळपास गाईइतकंच असतं. शेजारच्या काकांचं पोट फुगलं यात नवल काहीच नव्हतं. त्यांना दही किंवा ताक बरं पडलं असतं, कारण विरजण लॅक्टोजचा काही भाग खाऊन टाकतं.

दुसरा: "गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला द्या." ॲलर्जी ही प्रोटीनची असते. उंटाच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नाही आणि केसिनही वेगळं आहे, म्हणून काही ॲलर्जीच्या मुलांना ते चालतं, हे खरं आहे. त्या मानाने म्हशीचं आणि शेळीचं दूध गाईच्या दुधाच्या फार जवळचं. पण "काही मुलांना चालतं" आणि "तुमच्या मुलाला चालेल" यात एका जिवाचं अंतर आहे. ॲलर्जीचं मूल श्वास कोंडून दवाखान्यात जाऊ शकतं. हा निर्णय डॉक्टरांचा. दुकानदाराने तोंड उघडायचं नाही.

तिसरा: "शुगर जाते, स्वमग्न मूल सुधारतं." बिकानेरच्या डॉक्टरांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना उंटाचं दूध देऊन लहान प्रयोग केले आहेत, इन्शुलिनची गरज कमी झाल्याचं त्यात दिसलं. अभ्यासाचा विषय म्हणून ते ठीक. पण कुणी तुमच्या शब्दावर इन्शुलिन सोडलं तर? मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. आणि कायदा राहू द्या बाजूला. स्वमग्न मुलाची आई आशेवर जगत असते. तिच्या आशेवर मार्जिन काढू नका. एवढं एक माझ्यासाठी पाळा.

आता हिशोब करूया

ताईचा डबा ७५० रुपयांना पडला. २०० ग्रॅम पावडर. त्यात पाणी घातलं तर साधारण पावणेदोन लिटर दूध होतं. म्हणजे लिटरला सव्वाचारशे रुपयांच्या वर, तेही तिची खरेदी किंमत. त्या डब्यात प्रोटीन किती? साधारण ५० ग्रॅम.

तेवढंच प्रोटीन गाईच्या दीड-पावणेदोन लिटर दुधात मिळतं. समजा दूध ५० रुपये लिटर धरलं, तर ७५-९० रुपये. फोंडाघाटातला माणूस ९० रुपयांच्या जागी ७५० का देईल? फक्त डब्यावरच्या दाव्यासाठी. आणि दावा तर आपण करायचा नाही असं वर ठरलं. मग धंदा कशावर उभा राहणार?

आता गाईचं दूध घ्या. डेअरीवर दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ बघून दर मिळतो. प्रोटीन त्या एसएनएफमध्ये लपलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. पण त्याच दुधाचं दही लावलंत की प्रोटीनचे पैसे तुमचे.

समजा १० लिटर गाईचं दूध ४० रुपयांनी, म्हणजे ४०० रुपयांत पडलं.

पनीर केलं तर साधारण १ किलो ७०० ग्रॅम. म्हणजे नुसत्या दुधाचा खर्च किलोला २३५ रुपये, गॅस-मजुरी वेगळी. शिवाय गाईचं पनीर मऊ, हॉटेलवाल्याच्या ग्रेव्हीत फुटतं. त्याला म्हशीचंच हवं असतं.

दही लावलं तर आटून साधारण साडेनऊ किलो. दुधाचा खर्च किलोला ४२ रुपये. काहीही फेकायचं नाही, केसिनही आत, व्हे प्रोटीनही आत. शिळं होऊ लागलं तर ताक, कढी, मठ्ठा.

हे आकडे माझे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचा दर टाकून तुम्ही स्वतः करा.

आणि फोंडाघाटची जागा बघा. राधानगरी-दाजीपूरकडून घाट उतरून आलेली गाडी इथे थांबते. ब्रेक गरम, माणसं थकलेली, पुढे देवगड, मालवण, गोव्याचा रस्ता. त्यांना तुम्ही पिशवीचं दूध काय विकणार? ते तर घाटावरूनच खाली येतं. पण मातीच्या भांड्यातलं घट्ट दही, सोबत गूळ, थंडगार ताक, कधी मिळाला तर खरवस. यासाठी माणूस गाडी थांबवतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा थांबतो.

खरवसाबद्दल एक अट. चिकावर पहिला हक्क वासराचा. वासराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद त्या पहिल्या काही तासांच्या चिकातूनच येते. त्याचं पोट भरल्यावर उरेल तेवढ्याचाच खरवस. म्हणून खरवस रोज मिळणार नाही. "आज खरवस आहे" अशी पाटी ज्या दिवशी लागेल त्या दिवशी लागेल. लोक वाट बघतील, बघू द्या.

आपल्याकडची कोकण कपिला गाय २०१८ पासून नोंदणीकृत जात आहे. दूध थोडं देते, दिवसाला दोन-तीन लिटर. नुसतं दूध विकून तिचा खर्च निघणं कठीण. पण दही-ताक-तुपाची जोड दिली तर तिलाही गोठ्यात जागा राहते. इथेही दाव्यांची हाव नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने ए-वन, ए-टू असे शब्द पाकिटावरून काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ज्यांनी सगळा धंदा त्या दोन अक्षरांवर उभा केला होता, त्यांची त्या पाच दिवसांत झोप उडाली. चवीवर उभा असलेला दहीवाला निवांत होता.

पैसे घालण्यापूर्वी पाच प्रश्न

कागदावर लिहा आणि उत्तरं मिळेपर्यंत थांबा.

१. या मालात नेमकं कोणतं प्रोटीन आहे आणि त्यामुळे काय बनतं, काय बनत नाही?

२. डब्यावरचा दावा पुसून टाकला, तरी माणूस हे विकत घेईल का?

३. तोच फायदा गावात स्वस्तात मिळतो का? किती पट?

४. पहिल्या गिऱ्हाइकाला त्रास झाला तर मी त्याच्या घरी जाऊन काय सांगणार?

५. माझ्याकडे एफएसएसएआयची नोंदणी आहे का? नसेल तर आधी फॉसकॉस पोर्टलवर अर्ज.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शहरातल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पुन्हा भेटेलच असं नाही. आपल्याला ते रोज तिठ्यावर भेटतं.

ताईचं पुढे काय झालं?

वर्कशॉप संपल्यावर आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. उरलेले ३३ डबे. मी तिला म्हटलं, जुना व्हिडिओ माझा, त्यामुळे अर्धे डबे मी घेतो. ती आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. ते डबे आता माझ्या वर्कशॉपमध्ये टेबलावर असतात. प्रत्येक बॅचला मी एक डबा हातात देतो आणि विचारतो, "सांगा, यातलं प्रोटीन काय करतं?" उत्तर येईपर्यंत पुढचा विषय सुरू करत नाही.

ताई शेजारच्या काकांच्या घरी गेली आणि त्यांचे पैसे परत दिले. सोबत घरचं दही नेलं. ते त्यांना पचलं. आता ती रोज आठ लिटरचं दही लावते, दोन टपऱ्या आणि एका खानावळीला देते. अजून फार मोठं काही झालेलं नाही. गेलेले पैसे पूर्ण भरून निघायला वेळ लागेल. पण काका आता तिचं रोजचं गिऱ्हाईक आहेत, आणि ही गोष्टही एसटी स्टँडपर्यंत पोचली आहे.

तुमच्या गावात दुधाचं काय चालतं आणि काय चालत नाही, कमेंटमध्ये लिहा. हिशोब करून टाका, नुसतं "छान व्हिडिओ" नको. आणि माझ्या जुन्या व्हिडिओवर विसंबून कुणी पावडर मागवली असेल तर तेही लिहा. उत्तर मी स्वतः देईन.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा.